जमिनीखालचा साग

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलात आज चीड, देवदार किंवा पाइनच्या जातीचे, म्हणजे सूचिपर्णी, एकही झाड आपोआप उगवत नाही. चीड हा हिमालयाच्या उतारांवरचा रहिवासी. आपल्याकडे पाइन येतो तो यंत्रांच्या खोक्यांतून आणि स्वस्त फर्निचरमधून. मात्र ही स्थिती कायमची नव्हती. सिरोंचा तालुक्यातल्या वडधम इथे दगड झालेली झाडांची खोडे जमिनीतून वर आलेली दिसतात. तिथला खडक जुरासिक काळातला आहे. प्राणहितेच्या काठच्या कोटा गावावरून भूशास्त्रज्ञांनी त्याला ‘कोटा’ हेच नाव दिले आहे. त्या काळी फुले येणारी झाडे या भागात नव्हतीच. डायनासोरच्या डोक्यावर सावली होती ती सूचिपर्णी वृक्षांची आणि त्यांच्या गोतावळ्याची. पुढे हवामान बदलले, भूखंड सरकला, आणि सूचिपर्णी वृक्ष इथून गेले ते परत आले नाहीत.

त्यांची जागा घेणाऱ्यांत आज पहिला मान सागाचा आहे. बाजाराने सागाची जेवढी ओळख करून घेतली तेवढी दुसऱ्या कोणत्याही झाडाची घेतली नसेल. बल्लारपूरच्या डेपोतले लठ्ठे, ‘सीपी टीक’ म्हणून देशभर चालणारे नाव, मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी इथून रवाना झालेले लाकूड, हे सगळे वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचते. पण ही ओळख झाड आडवे झाल्यानंतरची आहे. उभा साग कसा जगतो, वर्षातले काही महिने पानांशिवाय का राहतो, त्याचे बी रुजायला एवढा वेळ का लावते, आणि गुडघाभर दिसणारे रोप प्रत्यक्षात किती जुने असू शकते, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

सुरुवात जमिनीपासूनच करावी लागेल, कारण सागाइतके जमीन निवडून घेणारे झाड आपल्या जंगलात क्वचितच असेल.

चंद्रपूर जिल्ह्यातला कोरपना तालुका चुनखडीवर बसलेला आहे. गडचांदूर, आवारपूर, नांदा, उपरवाही ही नावे सगळ्यांना सिमेंटमुळे माहीत आहेत. त्या कारखान्यांना लागणारा दगड म्हणजे पैनगंगेच्या खोऱ्यातली चुनखडी. सूचिपर्णी वृक्षच काय, जमिनीवर कोणतीही झाडे येण्याच्या कितीतरी आधी, उथळ समुद्राच्या तळाशी ती साचली. नाल्याच्या पात्रात तिचे राखाडी, कुठे गुलाबीसर थर एकावर एक दिसतात. दक्षिणेला माणिकगडाचे डोंगर चढू लागले की वर काळा बेसॉल्ट लागतो, आणि सखल भागात त्याच बेसॉल्टपासून झालेली कापसाची काळी माती. म्हणजे एका दिवसाच्या चालीत तीन प्रकारची भुई पायाखालून जाते.

या तिन्ही भुईंवर साग वेगवेगळा वागतो. त्याला कॅल्शियम भरपूर लागते. फार आम्ल नाही आणि फार खारट नाही, अशी खोल आणि निचऱ्याची जमीन मिळाली की तो सरळ वर जातो. चुनखडीवर किंवा बेसॉल्टवर तयार झालेली, पाणी झिरपून जाणारी उताराची माती त्याला सर्वात मानवते. सखल भागातल्या जड काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून राहिले की त्याच्या मुळांना हवा मिळत नाही. झाड जगते, पण बुटके आणि वाकडे राहते. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावरही त्याची वाढ खुरटते. कोकणात पाऊस कमी नाही, पण जांभ्यातून चुना धुऊन गेलेला असतो. सागाला पाऊस किती, याच्या जोडीने जमिनीत चुना किती आणि पाणी किती लवकर उतरते, हेही पाहावे लागते.

सागाने घेतलेला हा चुना लाकडात कधी कधी डोळ्यांना दिसतो. जुन्या सागाच्या गाभ्यातल्या चिरांमध्ये पांढरट खनिज साठलेले असते. करवतीचे दात त्याने बोथट होतात म्हणून आरागिरणीवाले त्याच्यावर चिडतात. तपासणीत ते मुख्यतः कॅल्शियमचे फॉस्फेट निघाले आहे. घेतलेला बाकीचा चुना पानगळीतून दरवर्षी जमिनीत परत जातो. सागाखालचा पाला कुजून होणारी माती म्हणूनच पुढच्या सागाला पोसते, आणि तो पाला जाळला की हे देणेघेणे तुटते.

आता झाडाकडे वळू. शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. महान वर्गीकरणकार लिनियसच्या मुलाने, धाकट्या लिनियसने, ते अठराव्या शतकाच्या अखेरीस दिले. टेक्टोना या प्रजातीत आज केवळ तीन जाती जिवंत आहेत. एक फिलिपीन्समध्ये, एक म्यानमारच्या कोरड्या पट्ट्यात, आणि तिसरा आपला साग, जो भारताच्या द्वीपकल्पात, म्यानमार, थायलंड आणि लाओसमध्ये मुळचा आहे. जावा बेटावरचा साग फार जुना असला तरी तो माणसाने नेलेला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कुळाच्या बाबतीत मात्र एक मोठा फेरबदल झाला. पूर्वीच्या पुस्तकांत साग निर्गुडीबरोबर व्हर्बिनेसी कुळात असे. आता साग आणि निर्गुडी दोघांनाही तुळस-पुदिन्याच्या लॅमिएसी कुळात घेतले आहे. अंगणातल्या तुळशीचा आणि गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सत्तर हात उंच सागाचा पूर्वज एक, हे ऐकायला अजब वाटते. पण तुळशीची कोवळी काडी बोटांत फिरवून पाहा. ती चौकोनी लागते. मग सागाची कोवळी फांदी तशीच फिरवून पाहा. तीही चौकोनी असते, कडांमधून पन्हळ पडलेली. पानेही दोघांची समोरासमोर येतात आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात असते.

सागाचे पान एकदा हातात घेऊन नीट पाहण्यासारखे आहे. मोठ्या झाडाचे पान साधारण एक ते दोन फूट लांब असते. तोडलेल्या खुंटाला आलेल्या जोमदार फुटव्याचे पान त्याहून खूप मोठे होऊ शकते. वरची बाजू खरखरीत. खालची बाजू राखाडी, बारीक लवेने भरलेली. भिंग धरले तर या लवेचे केस साधे नसून ताऱ्याच्या आकाराचे, एका बिंदूतून अनेक फाटे फुटलेले दिसतात. वायुरंध्रे याच बाजूला असतात आणि लव त्यांच्यावर आडोसा धरते, त्यामुळे पानातले पाणी हळू उडते. कोवळे पान तळहातावर चोळले की तळवा लाल होतो. पानात बारीक लाल ठिपक्यांसारख्या ग्रंथी असतात, त्यांतला रंग तो. जंगलातल्या पोरांना हा खेळ माहीत असतो. जंगलात नवख्या माणसाला सागाचे रोप ओळखायला याहून सोपी खूण नाही, कारण मोठ्या पानांच्या बाबतीत पळस किंवा कुंभाची रोपे फसवू शकतात, पण तळहात लाल करणारे पान सागाचेच.

हे एवढे मोठे पान पावसाळ्यात फायद्याचे आणि उन्हाळ्यात जिवावर बेतणारे. चंद्रपूरला वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात एवढ्या पानांना पाणी पुरवणे कोणत्याही मुळांना शक्य नाही. म्हणून दिवाळीनंतर हवेतली ओल कमी होऊ लागली की साग पाने सोडायला लागतो. कोरपन्याकडच्या कोरड्या उतारांवर गळ लवकर सुरू होते. गडचिरोलीच्या दक्षिणेकडे, नदीकाठच्या ओलसर जंगलात ती लांबते. होळीपर्यंत बहुतेक झाडे उघडी पडतात आणि पुढे मृग लागेपर्यंत तशीच राहतात. बाहेरून वाळलेले वाटणारे हे झाड आत जिवंत असते. पावसाळ्यात कमावलेला पिष्टाचा साठा मुळांत आणि खोडात ठेवून ते वाट पाहत असते. पहिला दमदार पाऊस झाला की त्याच साठ्यावर नवी, तांबूस छटेची पाने फुटतात.

या थांबण्या-धावण्याची नोंद लाकडात होते. पाने फुटतात त्या सुमारास झाड पाण्याच्या मोठ्या नळ्यांचा एक पट्टा तयार करते. पुढे हंगाम सरकत जातो तशा नळ्या बारीक होत जातात आणि पानगळीबरोबर वाढ थांबते. पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या नळ्यांचा नवा पट्टा. लठ्ठ्याच्या कापलेल्या तोंडावर या वार्षिक कड्या नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांत कड्या पुसट किंवा फसव्या असतात. साग हा थोड्या अपवादांपैकी एक आहे. ज्या वर्षी पाऊस चांगला त्या वर्षी कडी सहसा रुंद, दुष्काळात अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी १९८० च्या दशकापासून सागाच्या कड्यांवर काम केले आहे. जिथे पर्जन्यमापक नव्हता त्या काळाचा पाऊस अजमावण्यासाठी सागाचे जुने खोड हा दस्तऐवज ठरतो. लठ्ठा चिरण्याआधी त्याच्या तोंडाचा एक पातळ काप जपून ठेवला तर केवढी माहिती हाताशी राहील, हा विचार कोणत्याही डेपोत उभे राहिले की मनात येतो.

सागाचा फुलोरा पोळ्याच्या सुमारास जंगल पांढरट करून सोडतो. फांदीच्या अगदी टोकाला दीड-दोन फुटांचा, कधी त्याहूनही मोठा, फाटे फुटत गेलेला तुरा येतो. एका तुऱ्यात फुले हजारांनी असतात, पण एकेक फूल जेमतेम पाऊण सेंटिमीटरचे. पाकळ्या बहुधा सहा, पांढऱ्या, पुंकेसर तितकेच. फूल सकाळी उमलते आणि त्याचा सारा कारभार एका दिवसात आटोपतो. परागीकरण कीटकांकडून होते, त्यांत लहान मधमाश्यांचा वाटा मोठा. अडचण अशी की स्वतःच्याच परागाने सागाला फळ सहसा धरत नाही. पराग दुसऱ्या झाडावरून यावा लागतो. ऐन पावसाचे दिवस, भिजलेले पंख आणि एका दिवसाची मुदत. परिणामी शंभर फुलांतून एक-दोनच फळापर्यंत पोहोचतात. बाकीच्या फुलांचा सडा खाली पडतो.

फुलोऱ्याच्या या जागेचा झाडाच्या आकाराशी सरळ संबंध आहे, आणि तो समजला की जंगलातली झाडे वेगळी दिसू लागतात. तुरा शेंड्याच्या टोकाला येतो. म्हणजे मुख्य शेंडा फुलला की त्याची वर जाण्याची वाट तिथेच संपते. पुढच्या वर्षी खालच्या जोडीतले दोन कोंब सारख्याच जोराने वर निघतात आणि खोडाला दुबेळके पडते. ज्या झाडाने पहिले फूल उशिरा धरले त्याचे सरळ, फांदीविना खोड लांब. ज्याने घाई केली त्याचे आखूड. हलक्या, कोरड्या जमिनीवर, मोकळ्यावर उभा असलेला साग लवकर फुलतो. भोवती दाटी असली की तो आधी उंची गाठतो. आलापल्लीच्या सागाची लांब सरळ खोडे आणि माणिकगडाच्या उघड्या उतारावरची आखूड, फाटे फुटलेली झाडे यांत जातीचा फरक मानण्याची गरज नाही. जमीन, ओल, दाटी आणि पहिल्या फुलाचे वय एवढ्यांनी बराच उलगडा होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ वंशातले भेदही शोधतात आणि ते आहेतच, पण डोळ्यांना आधी दिसतो तो मातीचा हिशेब.

हिवाळ्यात फळे पक्व होतात. वाळलेले एक फळ हातात घ्या. बाहेर पातळ, शिरा उठलेला, फुगीर कागदी वेष्टन असते. हा फुलाच्या हिरव्या निदलपुंजाचाच वाढलेला अवतार. ते बोटांनी चुरडले की आत बोराहून लहान, बसकट गोल फळ लागते. त्यावर तपकिरी लोकरीसारखा दाट थर असतो, आणि तो खरवडला की हाडासारखे कठीण कवच. कवच चाकूने निघत नाही, करवतीने कापावे लागते. मग आत चार कप्पे आणि मधोमध एक पोकळ नळी दिसते. चार कप्प्यांत चार बिया असायला हव्यात, पण बहुतेक वेळा एक किंवा दोनच भरलेल्या असतात. कधी कधी सगळे कप्पे रिकामे निघतात. म्हणून रोपवाटिकेत आपण ज्याला ‘सागाचे बी’ म्हणतो ते खरे तर अख्खे फळ असते, आणि पोतेभर फळांतून रोपे किती निघतील याचा नेम नसतो.

कवच एवढे जाड कशासाठी? पहिल्या वळवाच्या सरीला फसून बी रुजले तर पुढच्या कोरड्या आठवड्यात रोप मरेल. लोकरीचा थर आणि कवच पाण्याला सावकाश आत घेतात, त्यामुळे ओल खरोखर टिकली तरच बी हलते. शिवाय एकाच झाडाची फळे एकाच पावसाळ्यात रुजत नाहीत. काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढच्या वर्षी रुजतात. एखादा पावसाळा दगा देऊन गेला तरी सगळी पिढी जात नाही. रोपवाटिकेत मात्र एवढी वाट पाहणे परवडत नाही. म्हणून फळे रात्री पाण्यात भिजवायची आणि दिवसा उन्हात वाळवायची, असे आठवडा-दोन आठवडे चालते. जंगलात जे दोन पावसाळ्यांत होते ते इथे पंधरवड्यात उरकायचे.

रुजलेल्या रोपाचे पुढे काय होते, हा सागाच्या जीवनातला सर्वात अद्भुत भाग आहे, आणि तो जवळजवळ सगळा जमिनीखाली घडतो.

पहिल्या पावसाळ्यात रोप वर थोडेसेच वाढते, पण खाली सोटमूळ भराभर उतरते. उन्हाळा येतो. वरचा कोंब उन्हाने वाळतो, गुरे खातात, नाहीतर वणव्यात जळतो. पाहणाऱ्याला रोप मेले असे वाटते. मूळ मेलेले नसते. पाऊस आला की मुळाच्या माथ्यावरून नवा कोंब निघतो, चार महिने पाने चालवतो, अन्न खाली धाडतो आणि उन्हाळ्यात पुन्हा जळून जातो. असे वर्षानुवर्षे चालते. कोंब दरवर्षी नवा असतो, मूळ तेच राहते आणि दरसाल जाड होत जाते. शेवटी एखाद्या वर्षी मुळात एवढा साठा होतो, वरून उजेडाची खिडकी उघडते, आणि एका पावसाळ्यात निघालेला कोंब माणसाच्या डोक्यावर जातो. त्याचा शेंडा पुढच्या वणव्याच्या ज्वाळेच्या वर पोहोचलेला असतो. तिथून पुढे ते झाड म्हणून वाढू लागते. म्हणजे गुडघाभर उंचीचे सागाचे रोप दिसले तर त्याचे वय एक पावसाळाही असेल आणि अनेक वर्षेही असेल. वरून कळत नाही. मुळाच्या माथ्याशी माती जरा बाजूला केली आणि अंगठ्याहून जाड गाठाळ बुंधा दिसला, तर समजावे की हे रोप बरेच उन्हाळे पचवून बसले आहे.

विदर्भातल्या रोपवाटिकांत सागाची ‘जडी’ तयार करतात ती याच गुणावर भरवसा ठेवून. गादीवाफ्यावर वर्षभर वाढलेले रोप उपटायचे, वरचा कोंब इंचभर ठेवून छाटायचा, बाजूची मुळे खरडायची, सोटमूळ वीतभर ठेवून तोडायचे. उरतो तो अंगठ्याएवढा जाड, पाने नसलेला ओंडका. पोत्यात बांधून कुठेही नेता येतो. पावसाच्या सुरुवातीला पहारीने भोक पाडून तो रोवला की काही दिवसांत फुटतो. दुसऱ्या बहुतेक झाडांचे एवढे अंग छाटले तर ती मरतील. सागाला ही छाटणी नवीन नाही, कारण उन्हाळा त्याचे दरवर्षी हेच करतो.

वणव्याशी सागाचे नाते सरळ नाही. मोठ्या झाडाची साल जाड आणि तंतुमय असते, जमिनीलगतची आग ती सोसते. हलक्या आगीने फळाच्या कवचाला मदत होते, असे वनाधिकारी जुन्या काळापासून सांगत आले. म्यानमारच्या ओलसर सागवनांत इंग्रजी वनखात्याने आग पूर्ण बंद केली तेव्हा बांबू आणि झुडपे माजली आणि नवा साग दिसेनासा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावरून वनाधिकाऱ्यांत मोठा वाद झाला आणि कित्येक ठिकाणी ते धोरण सोडावे लागले. तो दाखला आपल्याकडे जसाच्या तसा लावणे मात्र चूक ठरेल. कोरपना, राजुरा, जिवतीच्या कोरड्या जंगलात आग दरवर्षी येते, मोहफुले वेचण्यासाठी पाला जाळला जातो, विडी पेटवून टाकली जाते. दरवर्षीच्या आगीत कोंबाला ज्वाळेच्या वर निघण्याची संधीच मिळत नाही. आगीला तोंड देण्याची क्षमता सागात आहे, म्हणून त्याला दरवर्षी आग द्यावी असे होत नाही. जाळरेषा वेळेवर काढणे आणि मोहाखालचा पाला झाडून बाजूला सारणे, या दोन साध्या कामांचा उपयोग कोणत्याही नव्या लागवडीहून मोठा आहे.

पानांचे शत्रू दोन. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका पतंगाच्या अळ्या कोवळी पाने फस्त करतात. पावसाळा ओसरताना दुसऱ्या पतंगाच्या अळ्या पानातला हिरवा गर खाऊन फक्त शिरांची जाळी ठेवतात. दसऱ्याच्या आसपास जंगलात सगळीकडे तपकिरी जाळीची पाने दिसतात, त्याला लोक आजारपण समजतात. झाड त्याने मरत नाही, पण वाढ मार खाते. केरळच्या वनसंशोधन संस्थेने निलंबूरच्या लागवडीत पहिल्या प्रकारच्या अळीपासून जपलेली झाडे आणि न जपलेली झाडे यांची तुलना केली, तेव्हा संभाव्य वाढीच्या ४४ टक्के वाढ अळ्यांनी बुडवलेली आढळली. मिश्र जंगलात येन, बिजा, धावडा, रोहन, तेंदू, मोह, मोवई यांच्या अधेमधे साग उभा असतो. पक्षी आणि परजीवी कीटक अळ्यांवर ताबा ठेवतात. सागाचीच रांग लावली की अळीला सलग ताट वाढल्यासारखे होते. शिवाय खाली झुडूप-गवत नसले तर सागाच्या रुंद पानांवर जमलेले पाणी टपोऱ्या थेंबांनी उघड्या मातीवर आदळते आणि माती वाहून नेते. सागाच्या सलग लागवडीला जंगल म्हणायला माझी तयारी नाही. ते एक पीक आहे, उपयोगी पीक आहे, आणि त्याची पीक म्हणूनच मोजदाद व्हावी.

लाकडाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सागाची कीर्ती त्याच्या गाभ्याची आहे. खोडाच्या आतल्या पेशी मरताना झाड त्यांत तेलकट द्रव्ये आणि क्विनोन गटातली रसायने भरून ठेवते. टेक्टोक्विनोन हे त्यांतले नावाजलेले. वाळवी आणि बुरशी यांना ती मानवत नाहीत. गाभ्याभोवतीचा पांढरट भाग मात्र या रसायनांविना असतो आणि त्याला कीड लागते. म्हणजे ‘सागाला वाळवी लागत नाही’ हे विधान गाभ्यापुरतेच खरे. घाईने वाढवून कोवळ्या वयात तोडलेल्या सागात पांढरा भाग जास्त, गाभा कमी. ग्राहकाने एवढे पाहिले तरी त्याची फसवणूक टळेल. टिकाऊपणाचे पुरावे हवे असतील तर दोन पुरेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या सागाच्या कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. आणि मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी १८१७ साली सागातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर तरंगत आहे.

मूळ स्वरूपातला मोठा साग पाहायचा असेल तर आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’ पाहावे. सुमारे सहा हेक्टरांचा हा तुकडा कुऱ्हाडीपासून राखलेला आहे, आणि २०१४ साली तो महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. तिथे उंच सागाबरोबर त्याचे सगळे सोबती आहेत, वेली आहेत, खाली पाल्याचा जाड थर आहे, आणि जुन्या सागाच्या बुंध्याला पडलेल्या खोल पन्हळी हात लावून पाहता येतात. सहा हेक्टर म्हणजे काही फार नाही. दोन जिल्ह्यांच्या एवढ्या विस्तारात असे तुकडे आणखी असायला हवे होते, आणि अजूनही राखता येतील.

कोरपन्याची गोष्ट वेगळी आहे. जो चुना सागाला हवा तोच सिमेंटला हवा. जिथे चुनखडी उथळ आहे तिथे खाण उघडते, आणि खाणीसाठी जंगल वळते होते तेव्हा झाडांची गणती होते. या गणतीत ठरावीक गोलाईच्या वरची झाडे येतात. त्यांना क्रमांक पडतात, मूल्य ठरते, आणि बदल्यात दुसरीकडे रोपे लावण्याचे आदेश निघतात. गवतात दडलेली, दरवर्षी जळून दरवर्षी फुटणारी, कित्येक पावसाळ्यांचा साठा बाळगून बसलेली सागाची मुळे त्या यादीत कुठेच नसतात. पुढच्या पिढीचे जंगल तर तेच आहे. नवी जडी त्या अवस्थेला पोहोचायला वर्षे घेते, आणि ती लावलेली जमीन चुन्याची आणि निचऱ्याची असेलच असेही नाही. सिमेंट लागते, घरे बांधायची आहेत, हे मान्य करूनच ही मागणी करावीशी वाटते: ज्या जमिनीवर खाण होणार तिथे पावसाळ्याच्या दिवसांत, कोंब वर असताना, एकदा फिरून सागाच्या या जिवंत मुळांचीही गणती करा आणि तो आकडा झाडांच्या आकड्याशेजारी लिहा. ग्रामसभांना तो मागण्याचा अधिकार आहे. पहिल्या पावसानंतर तळहात लाल करणारे पान ओळखणारी पोरेसुद्धा हे काम करू शकतील.